भात सोडला, पोळी धरली, तरी साखर का वाढते? पोषणशास्त्रज्ञांचं काम सोप्या भाषेत

२०२५ मध्ये आलेली एक बातमी आमच्या इंदूरच्या कॉलनीत सकाळी फिरायला येणाऱ्यांनी तीन-चार दिवस चघळली. देशभरातल्या मधुमेहाच्या मोठ्या पाहणीतून निघालं होतं की भारतीय माणसाला दिवसभरात मिळणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून, म्हणजे धान्यातलं पिष्ट आणि साखर यांतून येते. पण लोक अडले ते त्याच्या पुढच्या वाक्यावर. पांढरा भात काढून त्याच्या जागी गव्हाचं किंवा भरड धान्याचं पीठ आणलं, पण एकूण कर्बोदकं तेवढीच राहिली, तर मधुमेहाची शक्यता कमी झालेली दिसली नाही.

शेजारचे गृहस्थ त्या संध्याकाळी मुद्दाम घरी आले. "ताई, पाच वर्षं झाली मी भात सोडून. घरात बासमतीचा वास आला की तोंड फिरवतो. आता म्हणतात फरक नाही. उद्या आणखी काही म्हणतील. या लोकांचं ऐकायचं तरी का?"

त्यांच्या मागोमाग त्यांची मुलगी आली. ती बारावीत आहे. तिला पोषणशास्त्रात संशोधन करायचं आहे आणि वडिलांना ते पटत नव्हतं. "म्हणजे डाएटिशियनच ना?" असं त्यांनी मला तीनदा विचारलं.

माझी सगळी नोकरी लोकांच्या आहाराची पाहणी करण्यात गेली, म्हणून हे दोन्ही प्रश्न माझ्यापर्यंत आले. मला ते दोन वाटत नाहीत. पोषणशास्त्रज्ञ दिवसभर काय करतात हे एकदा कळलं की त्यांचं म्हणणं का बदलतं आणि कुठे मुळीच बदलत नाही, हेही कळतं.

आहारतज्ज्ञ वेगळे, पोषणशास्त्रज्ञ वेगळे

आहारतज्ज्ञ समोरच्या एका माणसासाठी काम करतात. तुमची साखर एवढी, वजन एवढं, किडनी अशी, तेव्हा तुम्ही हे खा आणि ते टाळा. ते काम फार मोलाचं आहे. पण त्यांच्या हातातला तक्ता कुठून आला? गरोदरपणी किती लोह लागतं, लहान मुलाला किती प्रथिनं लागतात, मिठानं रक्तदाब किती वाढतो, हे आधी कुणीतरी शोधून काढलेलं असतं. ते शोधणारा पोषणशास्त्रज्ञ. घर बांधणारा गवंडी आणि सिमेंटची ताकद तपासणारा माणूस यांच्यात जो फरक आहे तोच इथे आहे. गवंड्याशिवाय घर होत नाही, आणि सिमेंट कुणी तपासलंच नसेल तर ते घर टिकेल याची खात्री देता येत नाही.

सुरुवात झाली ती कमतरतेपासून

या शास्त्राचे सुरुवातीचे विजय स्वच्छ होते. १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरनं स्कर्व्ही हा क जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा रोग झालेले १२ खलाशी घेतले, त्यांच्या जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळी गोष्ट दिली. संत्री-लिंबं मिळालेली जोडी झपाट्यानं सुधारली. पुढे जावा बेटावर आयिकमन या डच डॉक्टरांना दिसलं की कोंडा काढलेला, पांढरा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात.

यातली एक गोष्ट आपल्या मुंबईत घडली. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स ही ब्रिटिश डॉक्टर तिथे आली. कापड गिरण्यांमध्ये राबणाऱ्या गरोदर बायकांना एक जबरदस्त रक्तक्षय होत होता, आणि त्यात अनेकींचा जीव जात होता. हा रक्तक्षय नेहमीचा नव्हता. विल्सबाईंनी या बायका काय खातात ते तपासलं, प्राण्यांवर प्रयोग केले, आणि शेवटी यीस्टच्या स्वस्त अर्कानं हा रोग बरा होतो हे १९३१ मध्ये दाखवलं. त्या अर्कात नेमकं काय होतं ते नंतर कळलं. ते होतं फॉलिक ॲसिड. १९९१ मध्ये एका मोठ्या चाचणीनं सिद्ध केलं की आधीच्या बाळाला मज्जारज्जूचा जन्मदोष होता अशा बायकांनी गरोदर राहण्याच्या सुमारास फॉलिक ॲसिड घेतलं तर तो दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटतं. आज सरकारी दवाखान्यात गरोदर बाईच्या हातात गोळ्यांची पट्टी ठेवतात, त्यामागे गिरणगावातल्या त्या बायका आहेत. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत.

गलगंडाचंही तसंच. डॉ. रामलिंगस्वामी यांनी १९५६ पासून हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्याचे भाग पाडले, काही भागांत आयोडीन घातलेलं मीठ दिलं आणि एका भागात साधं. आयोडीनच्या भागांत गलगंड ओसरत गेला. आपल्या घरातलं मीठ त्यामुळे बदललं.

हे निष्कर्ष बदलले नाहीत आणि उद्याही बदलणार नाहीत. एक पदार्थ कमी पडला की एक रोग होतो, तो पदार्थ दिला की रोग जातो. कुलूप आणि किल्ली इतकं ते सरळ आहे. "या लोकांचं ऐकायचं का?" याच्या उत्तराचा पहिला अर्धा भाग इथे आहे.

इंदुरात जन्मलेली एक मुलगी

शेजाऱ्यांच्या मुलीला मी कमला सोहोनींची गोष्ट सांगितली. माहेरच्या त्या भागवत, दुर्गा भागवतांची धाकटी बहीण. १९११ मध्ये आपल्या इंदुरात जन्मल्या. इथल्या मराठी घरांतसुद्धा हे फारसं कुणाला माहीत नाही, याचं मला वाईट वाटतं.

मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन १९३३ मध्ये त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. त्यांनी बाई म्हणून नाकारलं. कमलाबाईंनी पाय रोवला आणि अटींवर का होईना, प्रवेश मिळवला. तिथे त्यांनी दूध आणि डाळी यांतल्या प्रथिनांवर काम केलं. मग केंब्रिजला जाऊन १९३९ मध्ये पीएचडी मिळवली. तिथून विज्ञानातली पीएचडी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता. परत आल्यावर त्यांनी दिल्लीत शिकवलं, कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत काम केलं आणि नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत वर्षानुवर्षं संशोधन केलं. ताडा-माडाच्या ताज्या नीरेत कोणती पोषक द्रव्यं आहेत आणि ती कुपोषित मुलांना आणि गरोदर बायकांना देता येईल का, हा त्यांच्या कामाचा एक मोठा भाग होता.

त्यांनी निवडलेले विषय पाहा. डाळी, दूध, नीरा. गरिबाच्या ताटात आणि गावाच्या शिवारात जे आधीच आहे तेच त्यांनी प्रयोगशाळेत नेलं. "डाएटिशियनच ना?" या प्रश्नाला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

"काल काय काय खाल्लंत?"

आता अवघड भागाकडे येऊ. स्कर्व्ही काही आठवड्यांत दिसतो. मधुमेह आणि हृदयविकार वीस-तीस वर्षांत तयार होतात, आणि तेवढ्या काळात माणूस हजारो पदार्थ लाखो वेळा खातो. त्यातलं कशानं काय झालं हे शोधायचं तर आधी माणूस खातो काय, हे कळायला हवं. वाटतं तेवढं ते सोपं नाही. माझी पस्तीस वर्षं या एकाच प्रश्नापुढे गेली.

रीत अशी. आम्ही घरी जातो. पिशवीत मापाच्या वाट्या, चमचे, पोळीच्या आकाराचे पुठ्ठ्याचे गोल आणि वजनकाटा. विचारायचं, काल सकाळी उठल्यापासून आज सकाळी उठेपर्यंत काय काय तोंडात गेलं? याला चोवीस तासांची आठवण म्हणतात.

उत्तर येतं, "सकाळी पोहे, दुपारी वरण-भात-पोळी-भाजी, रात्री तेच."

आता उलगडा सुरू. पोहे किती? एक प्लेट. घरची प्लेट की छप्पन दुकान या खाऊगल्लीतली? वर शेव घातली? इंदुरात हा प्रश्न विचारायचाच नसतो, किती घातली एवढंच विचारायचं. जिरावण मसाला? त्यात मीठ आहे. सोबत जलेबी? "हो, पण अर्धी." दुसरी अर्धी कुणी खाल्ली? "मीच, नंतर." चहा किती वेळा? चार. प्रत्येक वेळी साखर किती? इथपर्यंत येताना माणूस थोडा वैतागतो. मी त्याला पाणी मागते आणि दोन मिनिटं दुसरं बोलते.

तेलाचं तर विचारूच नये. एका भाजीत किती तेल, हे कुठल्याच घरात कुणाला सांगता येत नाही, कारण कुणी मोजतच नाही. मग डबा किती दिवसांत संपतो ते विचारायचं, घरातल्या माणसांनी भागायचं, आणि मधे चार दिवस पाहुणे होते ते वजा करायचे. एक पोळी म्हणजे किती? आमच्याकडची घडीची पोळी आणि शेजारच्या माळवी घरातली जाड रोटी यांची कणीक एकसारखी नसते. रविवारी दाल-बाफले, म्हणजे डाळीसोबत तुपात बुडवलेले कणकेचे गोळे, असतील आणि तुम्ही सोमवारी विचारलंत, तर त्या घराचा आहार तुपात बुडालेला दिसेल. मंगळवारी विचारलंत तर अगदी साधा. म्हणून एकाच घरी पुन्हा पुन्हा जावं लागतं, वेगवेगळ्या वारी, वेगवेगळ्या ऋतूंत.

एवढं करून हाती येते ती यादी. तिचं पोषणात रूपांतर करायला कोष्टक लागतं. ते हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं केलेलं आहे. २०१७ च्या आवृत्तीसाठी देशाच्या सहा विभागांतून ५२८ खाद्यपदार्थांचे नमुने आणून १५१ घटक मोजले. हे काम करणाऱ्यांची कुठे बातमी होत नाही, पण डॉक्टरच्या भिंतीवरचा कॅलरीचा तक्ता याच्याशिवाय उभा राहिला नसता.

लोक खरं सांगतात का? मुद्दाम खोटं फार थोडे बोलतात. पण विसरतात सगळे. हे पडताळायची एक सुंदर युक्ती आहे. पाण्याचे रेणू हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे बनलेले असतात. या दोन्हींचे किंचित जड पण निरुपद्रवी प्रकार असलेलं पाणी माणसाला प्यायला देतात आणि नंतर काही दिवस लघवी तपासतात. जड हायड्रोजन फक्त पाण्यावाटे बाहेर पडतो, जड ऑक्सिजन पाण्यावाटेही आणि श्वासावाटेही. दोघांच्या वेगातल्या फरकावरून कळतं की शरीरानं किती ऊर्जा जाळली. वजन स्थिर असेल तर जेवढी जाळली तेवढीच खाल्लेली असणार. हे ताडून पाहिलं तेव्हा बहुतेक ठिकाणी माणसांनी सांगितलेलं खाणं खऱ्यापेक्षा कमी निघालं, आणि वजन जास्त असलेल्यांचं आणखी कमी.

माझ्या अनुभवात एक उणीव याहून खोल आहे, आणि ती बायकांच्या रकान्यात सापडते. घरातल्या सगळ्यांचं खाणं बाईला तोंडपाठ असतं. "आणि तुम्ही?" असं विचारलं की ती थांबते. "मी काय, उरलं ते." त्या "उरलं ते"चं वजन मिळवायला मी कधी कधी दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला, ती जेवायला बसायच्या वेळी, पुन्हा गेले आहे.

दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी होत नाही

समजा, चांगली मोजमापं मिळाली. पुढची अडचण अशी की फळं खाणारी माणसं नुसती फळंच खात नाहीत. त्यांच्याकडे पैसा जास्त असतो, ती फिरायला जातात, तंबाखू कमी खातात, वेळेवर डॉक्टरकडे जातात. मग त्यांचं हृदय फळांमुळे ठीक राहिलं की बाकी सगळ्यामुळे?

ही चूक केवढी महाग पडू शकते त्याचं उदाहरण फिनलंडमधलं आहे. गाजर-भाज्या जास्त खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी होतो असं अनेक पाहण्यांत दिसत होतं. गाजरात बीटा-कॅरोटीन असतं, तर त्याच्या गोळ्या द्याव्यात असं ठरलं. २९,००० हून जास्त धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. ज्यांना गोळी मिळाली आणि ज्यांना नाही, ते गट चिठ्ठी टाकल्यासारखे योगायोगानं ठरवले. अशा चाचणीत दोन्ही गट बाकी सगळ्या बाबतींत सारखे राहतात, म्हणून फरक पडला तर तो गोळीचाच. १९९४ मध्ये निकाल आला. गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त होता. गाजर खाणं आणि गाजरातला एक रेणू काढून गोळीत भरणं या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या.

मग प्रत्येक गोष्टीची अशी चाचणीच का करत नाहीत? कारण माणसाला चिठ्ठी टाकून "तू आता तीस वर्षं भात खा, तू खाऊ नकोस" असं सांगता येत नाही. सांगितलं तरी तो पाळणार नाही. अमेरिकेत २० माणसांना चार आठवडे संशोधन रुग्णालयात ठेवून प्रत्येक घास मोजला होता. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं पाकीटबंद अन्न आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं अन्न, दोन्हींत साखर, मीठ, चरबी, तंतू जुळवलेले, आणि हवं तेवढं खायची मुभा. पाकीटबंद अन्नावर माणसांनी दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खाल्ल्या. २०१९ चा हा निकाल फार भक्कम मानतात, पण माणसं वीस आणि दिवस अठ्ठावीस. पाहणीत माणसं पुष्कळ असतात पण खात्री थोडी, आणि प्रयोगात खात्री असते पण माणसं थोडी. पोषणशास्त्रज्ञ आयुष्यभर या दोन काठांमध्ये पूल बांधत असतो.

आता त्या बातमीकडे

त्या पाहणीत १८,००० हून जास्त प्रौढांचा आहार तपासला होता आणि देशातलं एकही राज्य वगळलेलं नव्हतं. ती एका वेळची पाहणी होती, म्हणजे आहार आणि रक्तातली साखर एकाच वेळी मोजली. यात लगेच शंका येते की मधुमेह कळल्यावर लोक आहार बदलतात, मग नेमकं कशामुळे काय झालं? संशोधकांनी त्यावर चांगली खबरदारी घेतली. ज्यांना आपल्याला मधुमेह आहे हे माहीतच नव्हतं आणि पाहणीत पहिल्यांदा कळलं, अशांचा हिशोब त्यांनी लावला. या माणसांनी अजून काही बदललेलं नव्हतं.

त्यातून दिसलेलं असं: ऊर्जेतला ५ टक्के वाटा कर्बोदकांकडून काढून डाळी-कडधान्यं, दूध-दही, अंडी किंवा मासे यांतल्या प्रथिनांकडे दिलेल्या आहारात मधुमेहाची शक्यता कमी होती. नुसतं धान्य बदललं आणि प्रमाण तेच ठेवलं, तर नाही.

शेजाऱ्यांना मी कागदावर मांडून दाखवलं. १०० ग्रॅम तांदळात सुमारे ३५० किलोकॅलरी. १०० ग्रॅम कणकेत ३२० ते ३४०. दोन्हींत बहुतेक भाग पिष्टाचा. कणकेत तंतू आणि प्रथिनं जरा जास्त, हे खरं. पण भात सोडल्यावर त्यांच्या तीन पोळ्यांच्या पाच झाल्या होत्या. पगार तोच राहिला आणि बँक बदलली, तर शिल्लक कशी वाढेल? वरण मात्र वाढलं नव्हतं, उलट भातावर घ्यायचे म्हणून जेवढं घेत तेवढंही आता घेत नव्हते.

ते बराच वेळ त्या कागदाकडे पाहत बसले. पाच वर्षांचा त्यांचा नेम खोटा नव्हता. त्यांना अर्धंच सांगितलं गेलं होतं, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटलं.

हैदराबादच्या संस्थेनं २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनातही हेच आहे. ऊर्जेतला धान्यांचा वाटा ४५ टक्क्यांपर्यंत असावा. आपल्याकडे तो ५० ते ७० टक्के आहे.

"पण मी तर बारीक आहे"

हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं. याला पुण्यातून उत्तर मिळालं आहे, आणि मराठी माणसानं ते माहीत करून घ्यावं असं मला वाटतं.

डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो होतं, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५ किलोच्या आसपास. बाळं लहान, पण कातडीखालची चरबी त्या मानानं टिकून होती. कमी पडले होते ते स्नायू आणि अवयव.

२००४ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचा फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघंही सडपातळ. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक २२.३, अगदी एकसारखा. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्याला हे दिसत नाही.

म्हणून युरोपातल्या अभ्यासातून आलेला सल्ला उचलून इंदूर-पुण्याच्या माणसाला चिकटवता येत नाही. आपल्या माणसांचा अभ्यास आपल्याच माणसांनी करावा लागतो. बारावीतल्या त्या मुलीला मी सगळ्यांत जास्त वेळ हेच सांगत बसले होते.

"आमचे आजोबा तूप-पोळी खाऊन नव्वद वर्षं जगले"

जगले असतील. पण राजवाड्याजवळचे जुने लाकडी वाडे पाहून "पूर्वी काय मजबूत बांधायचे" म्हणताना आपण पडून गेलेले वाडे मोजत नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. नव्वदीचे आजोबा आठवतात, कारण ते भेटले. पाचव्या वर्षी गेलेला त्यांचा भाऊ कुणाला भेटलाच नाही. शिवाय आजोबा दिवसाला किती चालत आणि तूप महिन्याला किती येई, हेही विचारायला हवं.

"हे सगळं कंपन्यांच्या पैशावर चालतं"

या आक्षेपात तथ्य आहे आणि तो झटकून टाकू नये. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या साखर उद्योगाच्या संस्थेनं हार्वर्डच्या संशोधकांना पैसे देऊन हृदयविकाराचा दोष साखरेवरून चरबीकडे ढकलणारा लेख लिहून घेतला. तो १९६७ मध्ये छापून आला, आणि ही देवाणघेवाण जगासमोर यायला २०१६ साल उजाडलं. तेव्हा कुठलाही निष्कर्ष वाचताना पैसा कुणी दिला हे पाहायला हवं.

पण चुका शोधणारेही शास्त्रज्ञच असतात. स्पेनमध्ये ७,४४७ लोकांवर ऑलिव्ह तेल आणि सुक्या मेव्याची प्रसिद्ध चाचणी झाली होती. २०१३ मध्ये तिचा निकाल गाजला. पुढे लक्षात आलं की काही ठिकाणी चिठ्ठ्या नीट टाकल्याच नव्हत्या, एकाच घरातल्या माणसांना एकच गट दिला होता. २०१८ मध्ये मूळ लेख मागे घेतला, आकडेवारी पुन्हा तपासली आणि सुधारलेला लेख छापला. बाहेरून पाहणाऱ्याला हे "पुन्हा बदललं" असं वाटतं. मला त्यात वही दुरुस्त करणारा प्रामाणिक मुनीम दिसतो.

मग पोहे खायचे की नाही?

खायचे. मीही खाते. १०० ग्रॅम कोरड्या पोह्यांत प्रथिनं जेमतेम ६-७ ग्रॅम, आणि १०० ग्रॅम शेंगदाण्यांत २३ ते २५. तेव्हा पोहे थोडे कमी, दाणे आणि मोडाची उसळ थोडी जास्त, सोबत दही. जलेबी रोज नको. ज्यांना आधीच मधुमेह किंवा किडनीचा त्रास आहे त्यांनी प्रमाण आपल्या डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना विचारून ठरवावं. सगळ्यांची शरीरं सारखी वागतही नाहीत. इस्रायलमध्ये ८०० माणसांच्या साखरेवर सतत नजर ठेवली, तेव्हा तोच पदार्थ एकाची साखर उसळवतो आणि दुसऱ्याची नाही, असं दिसलं होतं.

हे शिकायचं असेल तर

बारावी विज्ञान हवं. मग पोषणशास्त्र, गृहविज्ञान किंवा जीवरसायनशास्त्रात बीएस्सी, पुढे एमएस्सी. इंदूरहून वडोदरा रात्रीच्या प्रवासाच्या अंतरावर आहे, तिथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा अन्न आणि पोषण विभाग जुना आणि नावाजलेला. हैदराबादच्या संस्थेतही पदव्युत्तर शिक्षण मिळतं. त्यानंतर नेट ही पात्रता परीक्षा आणि पीएचडी. बारावीनंतर दहा वर्षं सहज जातात. सांख्यिकी टाळता येत नाही, आणि मुली नेमक्या तिलाच घाबरतात. पहिली काही वर्षं पैसा बेताचा. मी हे वडिलांसमोरच सांगितलं. लपवून काय उपयोग?

नंतर मी मुलीला माझा जुना वजनकाटा आणि मापाच्या वाट्या दिल्या आणि म्हटलं, आधी तीन दिवस स्वतःच्या घराची नोंद कर.

चौथ्या दिवशी ती वही घेऊन आली. अक्षर सुरेख. वडिलांच्या पोळ्या कणकेच्या ग्रॅमसकट, भावाची बिस्किटं मोजून, आजीचा चहा साखरेच्या चमच्यांसकट. आईचा रकाना तिन्ही दिवस जवळजवळ कोरा होता. दुपारपुढे एकच शब्द लिहिला होता, "नेहमीचं".

"आत्या, आई म्हणाली माझं काही विशेष नसतं."

मी वही परत तिच्या हातात दिली आणि विचारलं, "आई जेवते किती वाजता?"

तिला सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर ती काटा घेऊन स्वयंपाकघरात बसली, तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.